उत्खननाची वही कोणाच्या हाती

अमेरिकेतील पुरातत्त्वशास्त्रज्ञांची ‘सोसायटी फॉर अमेरिकन आर्किऑलॉजी’ ही व्यावसायिक संस्था १९३४ साली स्थापन झाली. पंचवीसहून अधिक वर्षे ही संस्था मूलनिवासी समाजांतील निवडक उमेदवारांना शिष्यवृत्त्या देत आली आहे. त्यांपैकी आर्थर सी. पार्कर यांच्या नावाची शिष्यवृत्ती १९९८ पासून दिली जाते. उत्खननाच्या पद्धती, सापडलेल्या वस्तूंचे प्रयोगशाळेतील विश्लेषण आणि वस्तुसंग्रहाची शास्त्रशुद्ध निगा यांचे प्रशिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या मूलनिवासी व्यक्तींसाठी ती असून, अमेरिकेतील जमातींबरोबरच पॅसिफिक बेटे, कॅनडा आणि लॅटिन अमेरिका येथील मूलनिवासीही तिला पात्र ठरतात. सभासदांच्या देणग्या आणि वार्षिक अधिवेशनात होणारा लिलाव यांतून तिच्या निधीत भर पडते. रक्कम फार मोठी नसते; एखाद्या उन्हाळी प्रशिक्षणवर्गाचे शुल्क, प्रवास आणि निवास एवढा खर्च त्यातून भागावा, अशी अपेक्षा असते. ज्यांच्या पूर्वजांची वस्ती, भांडीकुंडी आणि थडगी हाच या शास्त्राचा मुख्य विषय, त्यांनाच या शास्त्रात येण्यासाठी वेगळे साहाय्य का द्यावे लागावे, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

अमेरिकी पुरातत्त्वशास्त्राच्या इतिहासाचा आरंभ बहुधा टॉमस जेफरसन यांच्यापासून सांगितला जातो. १७८० च्या दशकात त्यांनी व्हर्जिनियातील एक मूलनिवासी दफनटेकाड पद्धतशीरपणे खणून त्यातील थरांचे वर्णन लिहून ठेवले. मूलनिवासी लोकांचा एक गट त्या परिसरातून जाताना वाट सोडून त्याच टेकाडाकडे गेला आणि तेथे शोक करून परतला, अशी नोंदही त्यांच्याच लिखाणात आहे. म्हणजे ते टेकाड कोणाचे तरी श्रद्धास्थान असल्याचे खणणाऱ्याला ठाऊक होते, तरी खणण्यापूर्वी त्या लोकांची परवानगी घ्यावी, असा विचार त्या काळात कोणाच्या मनाला शिवला नाही. पुढे १८६० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय विभागाने आपल्या डॉक्टरांना मूलनिवासींच्या कवट्या गोळा करून पाठवण्यास सांगितले, आणि रणभूमीवरून, दफनभूमीतून जमा झालेला तो साठा कालांतराने स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयसमूहाकडे गेला. १९०६ च्या पुरावस्तू कायद्याने सरकारी जमिनीवरील लूटमारीला आळा घालण्याचा प्रयत्न केला खरा, परंतु उत्खननाचा परवाना विद्यापीठांना आणि संग्रहालयांना मिळे. मूलनिवासींचे पूर्वज त्या कायद्याच्या दृष्टीने शास्त्रीय साधनसामग्रीत जमा होते.

मूलनिवासी माणूस उत्खननाच्या जागी नव्हता असे मात्र नाही. न्यू मेक्सिकोतील चाको खोऱ्यात १८९६ पासून मोठ्या प्रमाणावर खोदकाम झाले, तेव्हा कुदळ-फावडे चालवणाऱ्यांत नवाहो आणि झुनी मजूर होते. थर ओळखणारी त्यांची नजर, मातीच्या रंगातील फरक हेरणारा त्यांचा हात यांवर अनेक उत्खनने उभी राहिली. परंतु वही दुसऱ्याच्या हातात असे, नोंद दुसरा करी, वस्तू पेट्यांत भरून न्यूयॉर्कला जात आणि ग्रंथावर नाव दुसऱ्याचे येई. कुदळ आणि वही यांच्यातील हे अंतर शंभर वर्षे जवळजवळ तसेच राहिले. या शिष्यवृत्त्यांचे मोल रकमेपेक्षा या अंतराच्या संदर्भात मोजणे अधिक योग्य ठरेल.

त्या अंतराविरुद्धचा राग १९६० च्या दशकाअखेर उघडपणे व्यक्त होऊ लागला. सू वंशाचे विचारवंत वाइन डेलोरिया यांनी १९६९ च्या आपल्या पुस्तकात दर उन्हाळ्यात जमातींच्या वस्त्यांवर येऊन धडकणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञांची बोचरी थट्टा केली. दोनच वर्षांनी आयोवा राज्यातील ग्लेनवुड येथे रस्त्याच्या कामात एक विस्मृत दफनभूमी उघडी पडली. तेथे सापडलेले गोऱ्या वसाहतकऱ्यांचे सांगाडे पुन्हा सन्मानाने पुरले गेले, आणि त्यांच्याबरोबर सापडलेले एका मूलनिवासी स्त्रीचे व बालकाचे अवशेष तेवढे अभ्यासासाठी प्रयोगशाळेत नेण्यात आले. यँक्टन सू जमातीच्या मारिया पिअर्सन यांनी हा भेदभाव थेट राज्यपालांच्या कचेरीत जाऊन मांडला आणि चिकाटीने लावून धरला. त्याची परिणती म्हणून १९७६ मध्ये आयोवात मूलनिवासी दफनांना संरक्षण देणारा कायदा झाला, जो अशा कायद्यांत फार लवकरचा मानला जातो.

त्यानंतर केंद्रीय कायद्यांची एक मालिकाच आली. १९६६ चा ऐतिहासिक वारसा जतन कायदा आधीपासून होता. त्याच्या १०६ व्या कलमानुसार केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना लागणाऱ्या कोणत्याही प्रकल्पाचा जुन्या वास्तू आणि स्थळांवर काय परिणाम होईल, हे आधी तपासावे लागते. अमेरिकेतील पुरातत्त्वाच्या बहुतांश नोकऱ्या विद्यापीठांत नसून या तपासणीच्या व्यवसायात आहेत, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. १९७९ च्या कायद्याने जमातींच्या जमिनीवरील उत्खननासाठी त्यांची संमती आवश्यक केली. १६ नोव्हेंबर १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांच्या स्वाक्षरीने जो कायदा झाला, तो ‘नॅगप्रा’ या आद्याक्षरी नावाने ओळखला जातो. केंद्राचा निधी घेणाऱ्या प्रत्येक संग्रहालयाने आपल्याकडील मूलनिवासींचे देहावशेष, दफनवस्तू आणि पवित्र वस्तू यांची यादी करावी आणि संबंधित जमातीने मागणी केल्यास त्या परत कराव्यात, असे बंधन त्याने घातले. शेवटी १९९२ च्या दुरुस्तीने १९६६ च्या कायद्याखालील राज्य सरकारांचे अधिकार आपल्या हद्दीत स्वतःकडे घेण्याची मुभा जमातींना दिली. अमेरिकेत केंद्राची मान्यता असलेल्या सुमारे पावणेसहाशे जमाती आहेत आणि त्यांना स्वतःची शासनव्यवस्था असते, त्यामुळे ही मुभा पोकळ नव्हती. १९९६ मध्ये पहिल्या १२ जमातींनी स्वतःचे वारसा जतन अधिकारी नेमले. आज अशी कार्यालये दोनशेच्या वर आहेत.

कायद्याने खुर्ची दिली, पण त्या खुर्चीत बसून नकाशा वाचणारा, उत्खननाचा अहवाल तपासणारा, संग्रहालयाच्या नोंदवहीतील त्रोटक शेऱ्यावरून वस्तूचे मूळ गाव शोधणारा माणूस जमातीतच हवा होता, आणि असे लोक हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच होते. कारण सरळ होते. पुरातत्त्वात शिरण्याचे दार म्हणजे ‘फील्ड स्कूल’, अर्थात विद्यापीठाने चालवलेला चार ते आठ आठवड्यांचा उन्हाळी उत्खननवर्ग. तेथे विद्यार्थ्याला वेतन मिळत नाही. उलट शुल्क भरावे लागते. ज्या घरात उन्हाळ्याची मजुरी पुढच्या वर्षाच्या शिक्षणाला लागते, त्या घरातील मुलाला हा वर्ग दुहेरी महाग पडतो. शिष्यवृत्तीने पहिला अडथळा, म्हणजे शुल्काचा, दूर होतो; बुडालेल्या मजुरीचा दुसरा अडथळा मात्र बऱ्याचदा तसाच राहतो.

ज्यांचे नाव या शिष्यवृत्तीला दिले गेले, ते आर्थर पार्कर (१८८१–१९५५) हे सोसायटीचे पहिले अध्यक्ष. त्यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील कॅटरॉगस या सेनेका जमातीच्या राखीव क्षेत्रात झाला. यादवी युद्धाच्या अखेरीस शरणागतीच्या अटींचा मसुदा ज्यांनी आपल्या हाताने लिहून काढला, ते सेनेका अधिकारी इली पार्कर हे त्यांच्या आजोबांचे भाऊ. सेनेका समाजात वंश आईकडून चालतो आणि पार्कर यांची आई गोरी होती, त्यामुळे रूढीप्रमाणे त्यांना जन्माने सेनेका मानले जात नव्हते. पुढे जमातीने त्यांना विधिपूर्वक आपल्यात घेतले. विद्यापीठाची पदवी न घेता ते राज्य संग्रहालयाचे पुरातत्त्वज्ञ झाले आणि नंतर रॉचेस्टरच्या संग्रहालयाचे संचालक. त्यांच्या कीर्तीचा पाया मात्र रिप्ली येथील उत्खननाने घातला गेला, आणि ते उत्खनन ईरी या मूलनिवासी लोकांच्या गावाचे व दफनभूमीचे होते. म्हणजे पूर्वजांच्या थडग्यांचे रक्षण करू पाहणाऱ्या तरुणांना मिळणारी शिष्यवृत्ती थडगी खणलेल्या माणसाच्या नावाची आहे. यात विसंगती आहे हे नाकारता येत नाही, तरी नाव बदलण्याने ती सुटेल असेही वाटत नाही. दोन जगांत पाय ठेवून काम करणाऱ्याला जी ओढाताण सोसावी लागते, तिचे पार्कर हे प्रामाणिक उदाहरण आहे. त्यांच्यानंतर मूलनिवासी अध्यक्ष मिळायला संस्थेला २०१९ साल उजाडावे लागले, तेव्हा चॉक्टॉ वंशाचे जो वॉटकिन्स त्या पदावर आले.

पार्कर यांचे आणखी एक काम शिष्यवृत्तीच्या विषयाशी अधिक थेट जोडलेले आहे, आणि त्याची चर्चा व्हावी तितकी होत नाही. मानववंशशास्त्रज्ञ लुईस हेन्री मॉर्गन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जमवलेला सेनेका वस्तूंचा संग्रह १९११ च्या मार्चमध्ये ऑल्बनीच्या राज्य विधानभवनाला लागलेल्या आगीत मोठ्या प्रमाणावर नष्ट झाला. पुढे महामंदीच्या काळात बेकारांना काम देण्यासाठी सरकारने ज्या योजना काढल्या, त्यांपैकी एकीचा निधी मिळवून पार्कर यांनी १९३५ पासून टोनावांडा आणि कॅटरॉगस येथील सेनेका कारागिरांना नियमित वेतनावर कामाला लावले. जुनी चित्रे, संग्रहालयांत उरलेले नमुने आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी यांच्या आधारे त्यांनी लाकडी पळ्या, टोपल्या, मणिकाम, चांदीचे दागिने, पोशाख असे पुन्हा घडवायला घेतले. १९४१ पर्यंत शंभराच्या आसपास लोकांनी सुमारे ५,००० वस्तू केल्या. अनेकांनी हे कौशल्य या कामातच शिकून घेतले, म्हणजे आजच्या भाषेत त्याला विद्यावेतनासह प्रशिक्षण म्हणता येईल. या योजनेवर आक्षेपही आहे: घडलेल्या वस्तू संग्रहालयाच्या मालकीच्या झाल्या आणि कारागिराच्या हाती वेतन तेवढे राहिले. तरीही कौशल्य गावात राहिले, आणि वस्तू जळाली तरी ती पुन्हा करू शकणारा हात उरतो, ही बाजू पार्कर यांनी ओळखली होती.

प्रशिक्षण जमातीच्या स्वतःच्या घरी झाले तर काय घडते, याचे सर्वांत चांगले उदाहरण वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकाला, माका जमातीच्या भूमीवर सापडते. १९७० च्या हिवाळ्यात समुद्राच्या वादळाने ओझेट येथील किनारा खचला आणि काही शतकांपूर्वी दरड कोसळून गाडली गेलेली लाकडी घरे उघडी पडू लागली. ओल्या चिखलात हवा न शिरल्यामुळे लाकूड, दोर, टोपल्या, विणकामाची साधने, देवमाशाच्या शिकारीची हत्यारे असे एरवी कुजून जाणारे सारे टिकून राहिले होते. जमातीने वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे रिचर्ड डॉअर्टी यांना बोलावले आणि एक गोष्ट आरंभीच पक्की केली: सापडेल ते सर्व माकांकडेच राहील. अकरा वर्षे चाललेल्या या कामात पाण्याच्या बारीक फवाऱ्याने चिखल धुऊन सुमारे ५५,००० वस्तू काढण्यात आल्या, त्यांवर रासायनिक प्रक्रिया करण्याचे काम माका तरुण शिकले, आणि ज्या वस्तूचा उपयोग शास्त्रज्ञांना उमगत नसे तिचे नाव व उपयोग वृद्ध माणसे सांगत. १९७९ मध्ये नीआ बे येथे जमातीचे स्वतःचे संग्रहालय उभे राहिले. तेथील कोठारातील मांडणी माका भाषेतील वर्गवारीला धरून आहे, आणि काही वस्तू पुरुषांनीच हाताळायच्या, काही स्त्रियांनीच, हा जुना नियमही पाळला जातो. विद्यापीठात शिकलेल्या संवर्धकाला हे वर्गीकरण आधी अडचणीचे वाटते; पण वस्तू कोणत्या कामाची आणि कोणाच्या हातची, ही माहिती त्या मांडणीतच साठवलेली असते आणि क्रमांक टाकलेल्या पेटीत ती उरत नाही.

‘रक्षण’ म्हणजे नेमके काय, हाच प्रश्न न्यू मेक्सिकोतील झुनी जमातीने अधिक टोकाला नेला. अहायुदा या त्यांच्या युद्धदेवतांच्या लाकडी मूर्ती उघड्यावरील देवस्थानांत ठेवायच्या असतात, आणि ऊनपावसात त्या हळूहळू झिजून मातीत मिसळणे हाच त्यांचा धर्म मानला जातो. त्या साऱ्या समाजाच्या असल्यामुळे कोणी एक झुनी माणूस त्या विकू शकत नाही, आणि म्हणून बाहेर आढळलेली प्रत्येक मूर्ती चोरीचीच, असा युक्तिवाद झुनी धर्मप्रमुखांनी १९७८ पासून संग्रहालयांपुढे मांडला. डेन्व्हरच्या कला संग्रहालयाने १९८० मध्ये मूर्ती परत केल्या आणि नंतरच्या वर्षांत इतर अनेक ठिकाणांहून त्या परत आल्या. परत आलेली मूर्ती पुन्हा उघड्यावर ठेवून झिजू दिली जाते. तापमान आणि आर्द्रता यांवर नियंत्रण ठेवून वस्तू शक्य तितकी टिकवणे हा संवर्धनशास्त्राचा पहिला धडा, तर येथे टिकवणे हीच देवतेची विटंबना ठरते. झुनी विद्यार्थ्याला हा धडा शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाने झुनींचे ऐकून घेण्याचीही तयारी ठेवली पाहिजे, नाही तर त्या शिष्यवृत्तीतून संग्रहालयाला आणखी एक कर्मचारी मिळेल, इतकेच.

अशी तयारी काही फील्ड स्कूलनी दाखवली आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर १८१२ ते १८४१ या काळात रशियनांची फोर्ट रॉस ही वसाहत होती. त्या परिसरात काशाया पोमो जमातीच्या वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याने बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने जो उत्खननवर्ग चालवला, त्यात जमिनीला कमीत कमी इजा करण्यावर भर होता. पृष्ठभागावर सापडलेल्या काही वस्तू जागच्या जागी मोजून, नोंदून पुन्हा तेथेच ठेवल्या जात, आणि खोदण्याची पाळी आधी यंत्रांनी भूगर्भाची पाहणी केल्यावरच येई. या वर्गात जमातीचे विधिनियमही पाळले जात. मासिक पाळीच्या काळात स्त्रियांनी उत्खननापासून दूर राहावे हा त्यांपैकी एक नियम, आणि विटाळाच्या रूढीशी झगडलेल्या मराठी समाजातील वाचकाला तो सहज पचणारा नाही. आयोजकांनी तो लपवला नाही, त्यावर लिहिले आणि विद्यार्थ्यांशी आधीच बोलणे केले, हे महत्त्वाचे. परंपरेचा मान राखणे म्हणजे तिच्यातील प्रत्येक गोष्ट निर्विवादपणे गोड मानणे नव्हे.

जमातीच्या बाजूनेही अडचण असते आणि ती पैशाने सुटत नाही. नवाहो श्रद्धेनुसार मृतांच्या वस्तूंना व अवशेषांना स्पर्श करणे अरिष्टकारक मानले जाते, त्यामुळे नवाहो मुलामुलीने पुरातत्त्व शिकायला घेतले की घरातील वृद्ध काळजीत पडतात. १९८८ पासून नवाहो राष्ट्राच्या पुरातत्त्व विभागाने नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाच्या साहाय्याने विद्यार्थ्यांचा प्रशिक्षण कार्यक्रम चालवला. विद्यार्थी विद्यापीठात शिकत आणि रस्ते वा घरे बांधण्यापूर्वी करावयाच्या सर्वेक्षणांवर पगारी काम करत, म्हणजे बुडालेल्या मजुरीचा प्रश्न येथे आपोआप सुटत असे. वस्ती कोणती, मेंढ्यांचा वाडा कोणता, विधीची जागा कोणती, हे नोंदताना परिसरातील वृद्धांना त्यांच्याच भाषेत विचारता येणे हा या विद्यार्थ्यांचा मोठा लाभ होता. दफन आढळण्याची शक्यता असलेल्या कामानंतर काही जण शुद्धीचे विधी करून घेत.

समाजातल्याच माणसांना प्रशिक्षण देण्याच्या या कल्पनेने पुरातत्त्वाबाहेरही मूळ धरले आहे. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने २००८ मध्ये केनियातील लायकिपिया येथील मासाई समाजाच्या दोन व्यक्तींना आणि केनियाच्या राष्ट्रीय संग्रहालयातील एका तज्ज्ञाला अमेरिकेत पाठवून ध्वनिमुद्रण, चित्रीकरण व अभिलेख जतन यांचे प्रशिक्षण दिले, आणि पुढच्या वर्षी त्यांना त्यासाठीची उपकरणे पुरवली. गाणे समाजाचे असले तरी ध्वनिमुद्रणाचा हक्क कायद्याने सामान्यतः मुद्रण करणाऱ्याकडे जातो, म्हणून यंत्र कोणाच्या हाती आहे यावर मालकी ठरते. मासाईंनी स्वतःच मुद्रण केले तर हा पेच मुळातच उभा राहत नाही.

इकडे अमेरिकेत जानेवारी २०२४ मध्ये नॅगप्राचे नवे नियम अमलात आले. वंशजांची संमती घेतल्याशिवाय मूलनिवासींचे अवशेष व पवित्र वस्तू प्रदर्शित करण्यास किंवा त्यांचा अभ्यास करण्यास त्यांनी मनाई केली, जमातींच्या पारंपरिक ज्ञानाला पुरावा म्हणून अधिक मान दिला आणि याद्या अद्ययावत करण्यासाठी संग्रहालयांना पाच वर्षांची मुदत दिली. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने त्याच महिन्यात आपली दोन दालने बंद केली. संग्रहालयांच्या कोठारांत तोवर लाखाच्या आसपास व्यक्तींचे अवशेष पडून होते, आणि त्या प्रत्येकासाठी संग्रहालयाला जमातीच्या कार्यालयाशी विचारविनिमय करावा लागणार होता. त्यामुळे प्रशिक्षित माणसांची गरज नियमांमुळे एकदम वाढली, पण त्यांना नोकरीवर ठेवण्यासाठी जमातींना मिळणारे केंद्रीय अनुदान त्या प्रमाणात वाढले नाही. उलट कार्यालयांची संख्या वाढत गेली तसे तेच अनुदान अधिकांत वाटले जाऊ लागले. शिष्यवृत्ती घेऊन शिकलेला पदवीधर अशा वेळी खासगी सर्वेक्षण कंपनीत जातो, कारण तेथे पगार बरा असतो, आणि त्याला कोणी दोष द्यावा असे नाही. बऱ्याच जमातींत वारसा कार्यालय म्हणजे एक अधिकारी आणि असलाच तर एक साहाय्यक. रस्ते, वाहिन्या, मोबाइलचे मनोरे यांविषयीची पत्रे त्यांच्या टेबलावर सतत येत राहतात. अशा बहुतेक पत्रांना उत्तर देण्याची मुदत ३० दिवसांची असते, आणि तेवढ्यात उत्तर गेले नाही, तर संबंधित सरकारी खात्याला पुढच्या टप्प्याकडे जाण्याची मोकळीक मिळते.